विहिरीकडचं वावर

मोठ्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, दशक्रियेला गावात मांडव पडला, महाराजांचं प्रवचन झालं आणि मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे एकेक जण माइकपाशी जाऊन श्रद्धांजली वाहू लागला. गावच्या पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचे चेअरमन बोलले, एक माजी सरपंच बोलले, तिच्या माहेरच्या गावचे एक गुरुजी बोलले. सगळ्यांच्या बोलण्यात तेच शब्द फिरून फिरून येत होते. माउली. कष्टाळू. सोशिक. चंदनासारखी झिजली, असंही कुणीतरी म्हणालं. माणसं मनापासून बोलत होती, काहींचा गळा दाटून येत होता, त्यांच्या भावनेबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण जी बाई मी लहानपणापासून पाहिली ती त्या वर्णनात मला सापडेना. कष्टाळू होती हे खरं, पण आमच्या भागात कष्ट न करणारी बाई आहे कुठे? सोशिक मात्र ती नव्हती. ती शेतकरी होती. कोणत्या वावरात काय लावायचं, किती लावायचं, कधी विकायचं आणि कधी थांबायचं याचा निर्णय घेणारी, आणि निर्णय चुकला तर त्याची झळ सोसून पुढच्या हंगामाला पुन्हा निर्णय घेणारी शेतकरी. मांडवात हे कुणी बोललं नाही म्हणून इथे लिहिते आहे.

ती १९३० च्या आगेमागे जन्मली आणि २०२३ च्या डिसेंबरात गेली. माहेर निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं. काळी कसदार जमीन, नांदूर मधमेश्वरच्या धरणाचं कालव्याचं पाणी, ऊस, गहू, भाजीपाला. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती चांदवड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी आली. नकाशावर बघितलं तर अंतर फार नाही. तेव्हा बैलगाडीने एका दिवसात माणूस पोहोचायचा. पण पाण्याच्या हिशेबाने हे दोन वेगळे मुलूख आहेत. आमच्याकडे पाऊस बरा झाला तरी होळीच्या सुमारास विहिरी तळ दाखवायला लागतात. बाजरी, मठ, हुलगे हीच मुख्य पिकं. विहिरीला पाणी असेल त्या वर्षी थोडा गहू आणि थोडा कांदा.

सासरी आल्यावर पहिल्यांदा तिने काय पाहिलं असं मी एकदा विचारलं होतं. नवऱ्याचं तोंड, सासूचा स्वभाव असलं काहीतरी उत्तर येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "हीर पाह्यली."

त्या विहिरीच्या बांधकामात आतल्या बाजूने उतरायला दगड पुढे काढलेले आहेत. दसरा झाला की मोठी आई रोज सकाळी काठावर जाऊन किती दगड उघडे पडले ते बघायची. तिच्या डोक्यात त्याचं एक कोष्टक होतं. दिवाळीच्या पाडव्याला तिसरा दगड पाण्याखाली असेल तर उन्हाळ कांदा पूर्ण वावरात लावायचा. चौथा उघडा असेल तर अर्ध्या वावरात. पाचवाही उघडा असेल तर कांद्याचं नाव काढायचं नाही, हरभरा टाकून मोकळं व्हायचं. आधी मोट होती, मग तेलाचं इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. उपसा वाढला तसं ते कोष्टकही तिने बदलत नेलं. तात्यांना, म्हणजे माझ्या आजोबांना, उमेद फार. पाऊस चांगला झाला की ते सगळीकडे कांदा लावायला निघायचे. मोठी आई काठावर जाऊन यायची आणि आकडा सांगायची. बाहेर चावडीवर निर्णय तात्यांच्या नावाने सांगितला जायचा.

मुलं सहा झाली, चार जगली. दोन मुलगे, दोन मुली. गेलेल्या दोघांबद्दल ती क्वचित बोलायची, आणि बोलली तर त्यांची नावं घेऊन बोलायची. घरात सासू, विधवा चुलतसासू, दीर-जावा, गडी. भाकऱ्यांचा हिशेब पायलीत. या सगळ्याबद्दल सविस्तर लिहिता येईल, पण तसं आयुष्य तिच्या पिढीतल्या हजारो बायकांनी काढलं आणि त्याबद्दल लिहूनही पुष्कळ झालं आहे.

१९७२ चा दुष्काळ मात्र सांगितला पाहिजे. विहीर आटली. बैल विकले. पाझर तलावाच्या कामावर आणि खडी फोडायला घरातली सगळी धडधाकट माणसं गेली, मोठी आईही गेली. स्वतःची शेती असलेल्या घरातल्या बायकांनी सरकारी कामावर जावं हे तात्यांना जड गेलं. ती म्हणाली, लाज पोटाला बांधून चालतं का? रेशनवर मिलो यायचा, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीला चिकटपणा नसायचा, थापताना तुटायची. पोरांना सुकडी मिळायची. माळ्यावर एका मडक्यात बियाण्याची बाजरी राखेत घालून, लिंबाचा पाला टाकून ठेवलेली होती. घरात सगळ्यांना ती ठाऊक होती. आजेसासूने दोनदा ती काढायला सांगितली. मोठी आईने मडकं उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवलं आणि कुठे ठेवलं ते पाऊस पडेपर्यंत सांगितलं नाही. अप्पा, माझे वडील, तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. त्या मडक्याचा राग त्यांच्या मनात होता, ते स्वतः सांगतात. आणि त्र्याहत्तरच्या मृगात ती बाजरी उगवून आल्यावर गावातल्या चार घरांनी तिच्याकडून पुढच्या वर्षाचं बी नेलं हेही तेच सांगतात.

बाजरीचं बी असं राखता आलं. कांद्याचं नाही. कांद्याचं बी नाजूक. साध्या घरगुती साठवणीत वर्ष उलटलं की त्याची उगवण झपाट्याने कमी होते, म्हणून ते दर वर्षी नवं धरावं लागतं. आणि बी धरायला कांदा पुन्हा जमिनीत लावून त्याला पाणी द्यावं लागतं. दुष्काळात ते पाणी कुठून आणणार? घरचं कांद्याचं वाण बुडालं. पाऊस पडल्यावर मोठी आई माहेरी गेली. भावाकडे कालव्याच्या पाण्यावर डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी पुन्हा लावलेले कांदे, धरलेले होते. लुगड्याच्या पदराला बांधून तिने शेरभर उळं, म्हणजे कांद्याचं बी, आणलं. भावाने दिलं म्हणून आणलं नाही, तिने निवडून आणलं; भावाच्या तीन ठिकाणच्या बियाण्यातलं कोणतं घ्यायचं यावरून दोघांचं वाजल्याची गोष्ट ती शेवटपर्यंत रंगवून सांगायची. तेव्हा आणलेलं ते वाण आमच्या घरात आजही चालू आहे.

ते बी ती कसं धरायची हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये काढून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या बांबूच्या शेडमध्ये, भरला की दिवाळीपर्यंत त्याच्याकडे बघायचं. जो कांदा दिवाळीपर्यंत कोंब धरत नाही, मऊ पडत नाही, ज्याची मान बारीक आणि साल घट्ट, तोच बियाण्याला. मोठा नको, गोल्टी नको, मध्यम. असे कांदे टोपल्यात काढून ती अंगणात बसायची आणि विळ्यावर प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्सा कापायची. कापलेल्या तोंडाकडे बघायची. आत एकच डोळा दिसला तर खालचा भाग उजव्या हाताला, लावायला. दोन डोळे दिसले तर डाव्या हाताला, कालवणात. जोड कांदा लावला की बियाण्यातून जोड जास्त येतात, आणि जोड कांद्याला बाजारात भाव नाही. आम्ही पोरं शेजारी बसून डोळ्यांची आग होऊन उठून जायचो. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं पण हात थांबायचा नाही. टोपलीभर कांद्यातून निम्मे डावीकडे जायचे. त्या आठवड्यात घरात रोज कांद्याचीच भाजी.

जानेवारी-फेब्रुवारीत डोंगळ्यांना दांडे येतात, त्यावर पांढऱ्या फुलांचे गोंडे. त्या वेळी मधमाश्या आल्या पाहिजेत, नाहीतर बी भरत नाही. गोंडे फुलले असताना आसपासच्या कुठल्याही वावरात औषध मारलेलं तिला चालायचं नाही. बांधाला बांध असलेल्या भाऊबंदांना ती आधी जाऊन सांगायची, आणि ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा जायची. मग एप्रिलमध्ये गोंड्यांची बोंडं उकलून काळं बी दिसायला लागलं की भल्या पहाटे, दव असताना, गोंडे खुडायचे. ऊन चढलं की बी झडतं. सगळे गोंडे एकदम तयार होत नाहीत, म्हणून तीन-चार वेळा जावं लागतं. ती एकटी जायची. हे काम तिने कुणा मजूर बाईवर सोडलेलं मला आठवत नाही.

हे इतकं लांबवून सांगितलं कारण शेतीतलं डोकं म्हणजे काय ते यात आहे. निवड, धीर, शेजाऱ्याशी बोलणं, वेळ साधणं. लोक याला कष्ट म्हणतात. मी कसब म्हणते.

तात्या शेतकरी संघटनेचे. शर्टाला लाल बिल्ला. १९८० च्या नोव्हेंबरात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे शेतकऱ्यांनी अडवले, खेरवाडीला गोळीबार होऊन शेतकरी गेले, आणि हजारो लोक तुरुंगात गेले त्यांत तात्याही होते. रब्बीच्या पेरणीचे दिवस. उन्हाळ कांद्याचं रोप टाकायची वेळ. मोठी आईने काठावर जाऊन दगड बघितले आणि रोप टाकून घेतलं. तात्या सुटून आले तेव्हा रोप बोटभर झालं होतं. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही संघटनेची घोषणा तिला तोंडपाठ होती, आणि त्यात घाम कुणाचा असा प्रश्न तिने तात्यांना तेव्हाच विचारला होता. ते हसले होते.

सहा वर्षांनी हाच प्रश्न हजारो बायका एकत्र विचारायला आल्या. १९८६ च्या ९ आणि १० नोव्हेंबरला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. गावागावांतून ट्रॅक्टर, ट्रक, एसट्या भरून बायका आल्या. आमच्या गावातूनही ट्रॉल्या निघाल्या. मोठी आई पन्नाशीच्या पुढची. दोन दिवसांच्या भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून, धाकट्या आत्याला बरोबर घेऊन गेली. धाकटी आत्या तेव्हा लग्नाची होती. एवढ्या बायका एका जागी, डोक्यावर ओझं नसलेल्या, नुसत्या बसलेल्या आणि ऐकणाऱ्या, तिने रेणुकामातेच्या यात्रेतही पाहिल्या नव्हत्या असं ती सांगायची. शेतात निम्म्याहून जास्त राबणाऱ्या बाईच्या नावावर वावर का नाही, हे तिथे माइकवरून मोठ्याने बोललं गेलं. ती घरी आली आणि लगेच काही बोलली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, १९९० च्या सुमारास, शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. सरकारकडे घामाचं मोल मागायचं असेल तर आधी घरातल्या लक्ष्मीचं देणं फेडा, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, असं त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं. ज्या गावात शंभर शेतकरी हे करतील त्या गावात ते स्वतः येत. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत हे घडलं. कायद्याने कुणावर सक्ती नव्हती, बदल्यात काही मिळणार नव्हतं, आणि तरी पुरुषांनी आपल्या हाताने जमिनी बायकांच्या नावावर केल्या. या गोष्टीची आठवण महाराष्ट्राला जेवढी असायला हवी तेवढी नाही, हे मला फार लागतं.

आमच्या गावानेही ठरवलं. तात्या पुढे होते. घरची जमीन आठ एकर. तात्या म्हणाले, दोन एकर तुझ्या नावावर करतो, माळाकडचं वावर. माळाकडचं म्हणजे मुरमाड, बाजरीसुद्धा जेमतेम येणारं. गावातल्या बऱ्याच घरांत हेच होत होतं, आणि जे मिळतंय तेही कधी नव्हतं म्हणून बायका खूश होत्या. मोठी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "द्यायचंच हाये तर वलिताचं द्या. मुरमाड मला कह्याला?"

दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. अप्पा आणि नाना, म्हणजे माझे काका, यांचं म्हणणं असं की नावावरच तर करायचं आहे, कसायचं सगळ्यांनी मिळून, मग कोणतं का असेना. मोठी आईचं म्हणणं, कोणतं का असेना तर मग विहिरीकडचंच का नको? याला उत्तर नव्हतं. शेवटी तात्यांनी विहिरीकडचे दोन एकर तिच्या नावावर केले. फेरफार झाला, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. विहीर त्याच गटात. इतर हक्कात विहीर सामाईक अशी नोंद. तलाठ्याने सही येते का विचारलं. तिने अंगठा पुढे केला. पुढे मी तिला सही शिकवायला बसले तेव्हा तिने मला परतवून लावलं. "सही कुणीबी शिकतं. आंगठा मह्याच हाताचा."

त्या दोन एकरांनी काय बदललं? कसणारे हात तेच होते, बैलही तेच. पण त्या वावराच्या कांद्याच्या विक्रीची हिशेबपट्टी वेगळी यायला लागली. लासलगावला १९४७ पासून बाजार समिती आहे, तात्या वर्षानुवर्षं तिथे माल नेत होते, आणि प्रत्येक पट्टीवर त्यांचं नाव असायचं. आता एका ट्रॉलीची पट्टी तिच्या नावाने. ती स्वतः ट्रॉलीबरोबर जायला लागली. लिलावात बोली चालू असताना ती व्यापाऱ्याच्या हाताकडे बघायची. तो ढिगातला कोणता कांदा उचलतो, दाबून बघतो की नुसता फिरवतो, यावरून भाव काय निघणार ते तिला आधी कळायचं. सगळ्या पट्ट्या तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या. त्या वावराच्या हिशेबाची वही मी लिहायचे. ती सांगायची, मी लिहायचे: उळं घरचं. लागणीच्या बाया. खत. निंदणी. बारदान. भाडं. हमाली, तोलाई. खर्च वजा जाऊन उरलं ते वेगळ्या रकान्यात, आणि न उरलं तर तेही. भाव पडलेल्या वर्षी ती वही वाचून दाखवायला सांगायची आणि कुठे खर्च वाया गेला ते दाखवायची. सरकारला शिव्या द्यायच्याच, पण आपल्या रकान्यात आपलं काय चुकलं तेही बघायचं, अशी तिची रीत.

दुसरं एक झालं, जे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जमीन नावावर असली की विकास सोसायटीचं सभासद होता येतं. ती झाली. सोसायटीच्या निवडणुकीत आतापर्यंत आमच्या घरात एकच मत, तात्यांचं. आता दोन, आणि ती आपलं मत तात्यांना विचारून देत नव्हती. पूर्वी उमेदवार ओट्यावर बसून तात्यांशी बोलून, चहा पिऊन जायचे. आता चहा पिऊन झाल्यावर "मावशी कुठंय?" असं विचारत चुलीपर्यंत यायला लागले. ती त्यांना कर्जवाटपाबद्दल असे नेमके प्रश्न विचारायची की एकदा एक उमेदवार दुसऱ्या दिवशी कागद घेऊन परत आला होता.

ती प्रेमळ होती का? आम्हा नातवंडांशी होती. हुलग्याची शेंगोळी करायला बसली की पहिला वाडगा पोरांचा. आजारी पडलं की रात्रभर पायाला तेल चोळायची. सुनांशी मात्र ती कडक होती, आणि माझ्या आईने तिच्या हाताखाली पहिली वर्षं फार अवघड काढली. पहाटेचं पाणी, दळण, रानातलं काम, आणि वर बोलणी. आई ते विसरलेली नाही, विसरावं असं मी तिला म्हणणारही नाही. ज्या बाईला स्वतःच्या घामाचा हिशेब इतका चोख कळत होता तिला सुनेच्या घामाचा हिशेब उशिरा कळला. कळला तेव्हा वयाची सत्तरी उलटली होती. तेव्हापासून तिने चुलीचा आणि दुधाच्या पैशांचा सगळा व्यवहार आईकडे दिला आणि त्यात परत कधी हात घातला नाही. आईने ते घेतलं. दोघींमध्ये गोडवा असा कधी आला नाही. एकमेकींच्या कामाबद्दलचा मान आला.

१९९६ साली धाकटी आत्या पदरात एक मुलगी घेऊन माहेरी परत आली. नवरा अपघातात गेला होता आणि सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नाही. असं झालं की आमच्याकडे बाई भावाच्या दारात राहते, राबते, खाते, आणि भावजयीच्या मर्जीवर म्हातारी होते. मोठी आईने पहिल्याच हंगामात विहिरीकडचं वावर आत्याच्या हाती दिलं. कस, आणि खर्च वजा जाऊन राहील ते तुझं. वहीचा रकाना आत्याच्या नावाने सुरू झाला. आत्या भावाच्या घरात राहत होती, पण आपल्या मुलीची फी तिने स्वतः भरली.

२००१ साली तात्या गेले. वारस नोंद झाली: बायको, दोन मुलगे, दोन मुली. महाराष्ट्रात तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांसारखा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळालेला होता. देशभर तो २००५ ला आला. पण कायदा कागदावर आणि गावात हक्कसोड. बहिणी निबंधकाच्या कचेरीत जातात, सही करतात, भाऊ साडी-चोळी करतो, संपलं. नानांनी दोन्ही बहिणींना हक्कसोडीसाठी बोलवा असं सांगितलं. मोठी आत्या सुखवस्तू घरात पडलेली, तिची तयारी होती. मोठी आई म्हणाली, तिला गरज नाही आणि तिची खुशी आहे, तिची सही घ्या. धाकटीची घ्यायची असेल तर आधी माझं ऐका. मग तिने सांगितलं ते असं: धाकटी तुमच्या सहा एकरांतला हिस्सा सोडेल. त्याच्या बदल्यात माझे दोन एकर माझ्यामागे तिचे. तोंडी नाही, नोंदणी करून मृत्युपत्र. तुम्ही दोघे भाऊ कचेरीत येणार आणि आत मी अंगठा देईपर्यंत बाहेर बसणार.

अप्पांना ते लागलं. ते वाईट माणूस नाहीत, बहिणीवर त्यांचा जीव आहे. पण विहीर असलेलं वावर घराबाहेर जाणार या कल्पनेने त्यांची झोप उडाली होती. "घराबाहेर" हा शब्द त्यांनी वापरला तेव्हा मोठी आई म्हणाली, ती घरात नाही का? पुढे दोन-तीन महिने अप्पा तिच्याशी कामापुरतं बोलले. ती त्यांच्यासाठी थांबली नाही, चांदवडला जाऊन नोंदणी करून आली.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट. १९९० मध्ये ते वावर मागताना धाकट्या आत्याचं असं काही होईल हे तिला माहीत असणं शक्य नव्हतं. तेव्हा तिने ते स्वतःसाठी मागितलं होतं, चांगलं मागितलं होतं, आणि त्यासाठी दोन दिवस घरात अबोला चालवून घेतला होता. तेव्हा तिने सोशिकपणाने माळाकडचं मुरमाड घेतलं असतं तर सहा वर्षांनी लेकीला द्यायला तिच्या हातात काय होतं? स्वतःसाठी घेतलं म्हणून देता आलं. दहाव्याच्या मांडवात तिच्या त्यागावर बोलणाऱ्यांना मला हे सांगायचं होतं.

शेवटच्या वर्षांत कंबर वाकली, ऐकू कमी आलं, नजर मात्र बरी होती. चाळीपर्यंत काठी टेकत जायची. चाळीच्या बांबूंपाशी नाक नेऊन ती वास घ्यायची आणि सडका कांदा कुठल्या खणात आहे ते सांगायची. आत्या खण उपसायची, कांदा तिथेच निघायचा. संध्याकाळी अप्पा घरी आले की रोजचा प्रश्न, "आज काय भाव निघाला?" २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ८ तारखेपासून बाजारात एकच गोंधळ, लिलाव बंद पडले, चांदवडला हायवेवर शेतकरी बसले. अप्पांनी तिच्या कानाशी वाकून मोठ्याने सगळं सांगितलं. उन्हाळ कांद्याच्या लागणीसाठी रोप तयार होतं आणि अप्पा निम्मं वावर मोकळं सोडावं या विचारात होते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, लाल कांदा चाळीत टिकत नाही, मिळंल त्या भावात काढून टाका. उन्हाळची लागण कमी करू नका. बंदी काय जन्मभर राहती का? मग तिने विहिरीचे दगड विचारले. आत्याने तिसरा म्हणून सांगितलं.

त्यानंतर आठवड्याच्या आत ती गेली. झोपेत, पहाटे. लागण अर्धी झाली होती, ती अप्पांनी सुतक सरल्यावर पूर्ण केली, एक वाफाही कमी न करता. ४ मे २०२४ ला निर्यातबंदी उठली तेव्हा कांदा चाळीत होता.

मृत्युपत्र तलाठ्याकडे दिलं. फेरफाराची नोटीस लागली, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत. अप्पांनी हरकत घेतली नाही, नानांनीही नाही. नोंद मंजूर झाली आणि विहिरीकडच्या वावराच्या सातबाऱ्यावर धाकट्या आत्याचं नाव लागलं. गावात त्याची चर्चा झाली, आणि आमच्याच भावकीतल्या दोन बहिणींनी त्यानंतर हक्कसोडीला नकार दिला असं ऐकते. मोठी आईच्या डब्यातल्या पट्ट्या आत्याने नीट लावून ठेवल्या आहेत, डोंगळेही धरले आहेत. निम्मे कांदे डावीकडे टाकायला तिचा जीव होत नाही, तो एक मोठा फरक. मी जाते तेव्हा शेजारी बसून तिला टाकायला लावते.

विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून अप्पा आणि आत्याची रोज खडाजंगी चालते. तीन दिवस तिचे, चार दिवस भावांचे, असं ठरलेलं आहे. पण वीज आठ तास आणि तीही कधी दिवसा, कधी रात्री, त्यामुळे दिवसांचा हिशेब करायचा की तासांचा यावर दोघांचं एकमत होत नाही. आत्या तासांचा म्हणते. अप्पा तिच्यापुढे वही घेऊन बसतात, म्हणजे आता ती वही ते लिहितात. मागच्या महिन्यात असंच दोघांचं चाललेलं असताना आई भाकरीचं टोपलं घेऊन आली आणि मधेच म्हणाली, सासूचं नाव लागलं, नणंदेचं लागलं, मह्यं कधी लावता? बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला नवऱ्याचा तलाठ्याकडे अर्ज पुरतो, हे तिने कुठून तरी काढून आणलं होतं. अप्पा म्हणाले, कांदा निघू दे, मग बघू. आईने टोपलं खाली ठेवलं आणि कोणता गट नंबर लिहायचा ते सांगितलं. आत्या म्हणाली, अर्ज मी लिहिते.